थॅलेसेमिया : चूक एका अक्षराची

‘रक्त कमी आहे’ हे निदान आपल्याकडे इतके सर्रास झाले आहे की, ते सांगणाऱ्याला काही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. लोहाच्या गोळ्या, खजूर, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी एवढ्यावर चिठ्ठी संपते. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच असते, कारण आपल्याकडे पंडुरोगाचे सर्वांत मोठे कारण लोहाचा अभाव हेच आहे. परंतु नेमाने गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन दहाच्या आसपास घोटाळत राहते, अशीही माणसे असतात. यांतल्या काहींच्या अंगात लोह पुरेसे असते. हिमोग्लोबिन बनवण्याच्या मूळ मजकुरातच एक अक्षर चुकलेले असते. हे चुकलेले अक्षर प्रत्येक तरुण मुलामुलीत लग्नाची बोलणी सुरू होण्यापूर्वी शोधले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे कळण्यासाठी पेशीच्या आत थोडे डोकवावे लागेल.

शरीरातील प्रत्येक प्रथिनाची कृती गुणसूत्रांवरील जनुकांत लिहिलेली असते. तिची लिपी चारच अक्षरांची : ए, टी, जी आणि सी. प्रथिन बनवायचे असले की मूळ जनुक जागेवरच राहते आणि त्याची आरएनए नावाची नक्कल निघते. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात राहतो आणि आपल्या हाती उतारा मिळतो, तसाच हा प्रकार. १९७७ सालापर्यंत समजूत अशी होती की ही नक्कल जशी निघते तशीच वापरली जाते. त्या वर्षी अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी वेगवेगळे काम करून दाखवून दिले की, जनुकातला मजकूर सलग नसतोच. कामाच्या तुकड्यांच्या मध्ये भलताच मजकूर असतो. नक्कल निघाल्यावर पेशी तो कापून टाकते आणि उरलेले तुकडे एकाला एक जोडते. या कापाजोडीला स्प्लायसिंग म्हणतात. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन आणि गाळल्या जाणाऱ्यांना इंट्रॉन ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये सुचवली. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण हातात धरलेल्या वर्तमानपत्रातही हेच असते. पहिल्या पानावरची मोठी बातमी अर्ध्यावर थांबते आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘उर्वरित मजकूर पान ५ वर’. मधल्या पानांवर जाहिराती, बाजारभाव, निधनवार्ता. वाचक ते सारे ओलांडून पाचव्या पानावर बातमी पुरी करतो. ही बारीक ओळ बातमीचा भाग नव्हे, पण ती पुसट छापली गेली तर बातमीच्या पोटात सिमेंटची जाहिरात शिरेल आणि वाचणाऱ्याला काही अर्थबोध होणार नाही.

पेशीतही अशाच खुणा असतात. जवळजवळ प्रत्येक इंट्रॉन ‘जीटी’ या अक्षरांनी सुरू होतो आणि ‘एजी’ने संपतो, त्यांच्या आजूबाजूची अक्षरेही कात्री कुठे चालवायची हे ठरवतात. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळीचे जनुक सुमारे सोळाशे अक्षरांचे, म्हणजे तसे लहानच. त्यात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन आहेत. कापाजोडी झाल्यावर उरतात जेमतेम सव्वासहाशे अक्षरे. पहिल्या इंट्रॉनची सुरुवात ‘जीटीटीजीजी’ अशी असते. त्यातले पाचवे अक्षर ‘जी’ऐवजी ‘सी’ झाले की कात्रीला खरी जागा सापडेनाशी होते. ती जवळपासच्या भलत्याच जागी चालते, आणि नीट जुळलेली नक्कल फार थोडी तयार होते. भारतात बीटा थॅलेसेमियाला कारण ठरणाऱ्या बदलांमध्ये सर्वाधिक आढळणारा बदल हाच आहे. जो भाग शेवटी टाकूनच द्यायचा आहे, त्यातल्या एका अक्षराने एवढा अनर्थ! इंट्रॉनला ‘रद्दी’ म्हणण्याची पद्धत एके काळी पुष्कळ होती. थॅलेसेमियाचे मूल ज्यांनी वाढवले आहे त्यांना ती पटणार नाही.

आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलची गोष्ट निराळी आहे. तेथे चूक एक्झॉनमध्ये, म्हणजे बातमीच्या मजकुरातच असते. कापाजोडी बिनचूक होते, पण प्रथिनातला एक घटक बदलतो. रोग वेगळे, जनुक मात्र तेच.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत चुकलेली असेल तर तो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे केवळ वाहक. तो आजारी नसतो. शेती करतो, खो-खो खेळतो, म्हातारा होतो. परंतु नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब काही घरांत मांडला जातो, तो साफ चुकीचा आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो.

मेजर मुलाचे आयुष्य म्हणजे काय, हे रक्तपेढीच्या बाकावर बसणाऱ्या आईबापांना विचारावे. मूल सहा महिन्यांचे झाल्यावर आणि बहुधा दोन वर्षांच्या आत फिके पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, जन्मभर. दिलेल्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साठते, ते काढण्यासाठी रोजची औषधे वेगळी. भाऊ-बहिणीचा अस्थिमज्जा जुळला तर लहान वयात प्रत्यारोपणाने मूल बरे होऊ शकते, पण प्रत्येकाला तसे भावंड नसते. जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला ब्रिटनने २०२३ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये या रोगासाठी मान्यता दिली. तिकडे त्याची किंमत बावीस लाख डॉलर जाहीर झाली. शास्त्रज्ञांचे कौतुक आहेच. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बापाने त्या आकड्याचे काय करायचे?

याउलट वाहक ओळखण्याची तपासणी एकदाच करायची असते आणि त्यासाठी दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरते. साध्या रक्त तपासणीतही सुगावा लागतो. हिमोग्लोबिन थोडे कमी, तांबड्या पेशी आकाराने लहान, पण त्यांची संख्या मात्र भरपूर, असे दिसले की संशय घ्यावा. पुढची तपासणी एचपीएलसी नावाची. त्यात हिमोग्लोबिन ए-टू साधारण साडेतीन-चार टक्क्यांहून अधिक निघाले तर ती व्यक्ती बहुधा वाहक असते. सिकलसेलही याच तपासणीत कळतो, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण एक जोडीदार थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकते. लोहाचा अभाव असला तर ए-टूचा आकडा खाली येऊन फसगत होते, एवढे तपासणाऱ्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावे. आणि हे वाचून कोणी, विशेषतः गरोदर बाईने, चालू असलेल्या लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. वाहकालाही लोहाची कमतरता असू शकते.

‘हा रोग सिंधी, लोहाणा, भानुशाली लोकांचा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरे, पण मराठी घरे यातून सुटलेली नाहीत. मामाची मुलगी करण्याची रीत जेथे अजून आहे, तेथे दोघांकडे एकच चूक वारशाने आलेली असण्याचा धोका वाढतो.

काही मंडळी म्हणतात, साखरपुड्याआधी दोन्हीकडचे रिपोर्ट मागवावेत. हेतू चांगला आहे, पण मला ती वेळ पसंत नाही. ठरत आलेल्या लग्नात असा कागद आला की बोलणी मोडतात, गावभर चर्चा होते आणि डाग लागतो तो मुलीलाच. मुलगा वाहक निघाला तरी! म्हणून ही तपासणी महाविद्यालयात, स्थळांचा विषय निघण्याच्या आधीच व्हावी आणि रक्तगटासारखी कार्डावर नोंदली जावी. वाहकाने वाहकाशी लग्न करू नये असेही मी म्हणत नाही. सायप्रस या छोट्या देशात थॅलेसेमियाचे प्रमाण फार मोठे होते. तेथील चर्चने १९८३ पासून लग्नाआधी तपासणीचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. त्यात तपासणी झाली आणि सल्ला मिळाला एवढेच लिहिलेले असे. निकाल ज्याचा त्याच्यापाशी. लग्ने फारशी मोडली नाहीत, तरी आजारी मुलांचे जन्म मात्र जवळजवळ थांबले.

ज्यांची लग्ने होऊन गेली आहेत त्यांनी गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत एचपीएलसी मागून घ्यावी. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी. ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणून तो टाळाटाळ करतो आणि त्यात मोलाचे दिवस जातात. दोघेही वाहक असतील तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश काढून बाळाच्या दोन्ही प्रती तपासता येतात. गर्भलिंग निदानाला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेही हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी गर्भाच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी ठेवलेली आहे. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेने या कामात मोठा अनुभव मिळवलेला आहे. जाताना दोघांचेही एचपीएलसीचे अहवाल सोबत न्यावेत आणि आधीचे आजारी मूल असेल तर त्यालाही घेऊन जावे, कारण घरातली नेमकी चूक कोणती हे आधी ठाऊक झाले तर गर्भात ती शोधणे सोपे जाते.