बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा पहारा

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. आधी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी रोकड निघाली, मग स्विफ्टमार्गे जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पोचले. एटीएमच्या मागण्या बँकेच्या खऱ्या स्विचपर्यंत न जाता घुसखोरांच्या बनावट स्विचकडे जात होत्या आणि तो त्या मंजूर करत होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. अशा प्रकरणानंतर 'चोर आत कसे शिरले' हे सगळे विचारतात. आत शिरलेल्या प्रोग्रामला बाहेरच्या धन्याशी बोलता का यावे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. सर्व्हरमधून बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी मुळात बंद असावी आणि गरजेपुरतीच उघडावी, असे माझे ठाम मत आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे, की बाहेरून आत येणारे पोर्ट बंद असले की पुरे. लिनक्सवर आयपीटेबल्स या फायरवॉलची आउटपुट साखळी तर मुळातच सगळे जाऊ देते. हे उत्तर टिकत नाही. २०१६ च्या मिराय हल्ल्यात साधा पासवर्ड सापडलेल्या कॅमेऱ्यांना आणि राउटरना डब्ल्यूगेट किंवा टीएफटीपी वापरून उरलेला व्हायरस स्वतःच उतरवून घ्यायला लावले जात होते. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉग-फोर-शेल त्रुटीचा सर्वात घातक वापरही तसाच होता: फसलेला सर्व्हर हल्लेखोराच्या यंत्राशी आपण होऊन जोडणी करी आणि तिथला कोड आणून चालवी. दोन्ही ठिकाणी ती बाहेरची जोडणी अडली असती, तर हल्ल्याचा हा टप्पा तिथेच थांबला असता.

मग काहीजण सुचवतात, डब्ल्यूगेट आणि कर्ल काढूनच टाका. पायथनच्या दोन ओळी किंवा नुसता बॅश शेलही तेच काम करतो, म्हणून नियम हत्याराच्या नावावर बांधण्यात अर्थ नाही. तो कोणता वापरकर्ता कुठे जातो आहे यावर बांधावा, आणि आयपीटेबल्समध्ये 'ओनर' जुळणीने वापरकर्त्यानुसार नियम लिहिता येतो. खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे: ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे ठेवावेच लागतात, चोरही ४४३ वरूनच जातो, आणि डाउनलोडच्या साइटचे आयपी पत्ते सतत बदलतात. हे सगळे खरे आहे. नियमात साइटचे नाव लिहिले तरी आयपीटेबल्स त्याचा पत्ता नियम घालतानाच एकदा शोधते, पुढे बदल झाला तर तिला कळत नाही. पण यातून 'सगळे उघडा' हा निष्कर्ष निघत नाही. सर्व्हरला थेट इंटरनेट देऊच नये; अपडेट आणि पॅकेजसाठी संस्थेच्या आतला मिरर किंवा परवानगीच्या नावांची यादी असलेला स्क्विडसारखा प्रॉक्सी द्यावा. म्हणजे फायरवॉलमध्ये मिररचा किंवा प्रॉक्सीचा एकच पत्ता, आतला डीएनएस आणि आधी जुळलेल्या जोडण्यांची उत्तरे एवढेच उरते. एफटीपी तर सोडूनच द्यावे: त्याच्या पॅसिव्ह पद्धतीत डेटासाठी दर वेळी वेगळे पोर्ट लागते, आणि तेवढ्यासाठी हजारो पोर्ट मोकळे सोडणारे नियम लिहिले जातात.

हिंजवडीतल्या प्रोग्रामरचे काम अडेल, ही तक्रार मी हलकी मानत नाही. पण तिचे मूळ बऱ्याचदा बंदीपेक्षा बंदीच्या रीतीत असते. पाकीट गुपचूप टाकून दिले, म्हणजे 'ड्रॉप' केले, की डब्ल्यूगेट वाट पाहत बसते आणि डीफॉल्टनुसार २० वेळा प्रयत्न करते. माणसाला वाटते नेट मंद आहे. 'रिजेक्ट' केले की जोडणी नाकारल्याचा संदेश लगेच येतो आणि डब्ल्यूगेट पुन्हा प्रयत्न न करता थांबते. म्हणून आतल्या यंत्रांना नकार स्पष्ट द्यावा, प्रत्येक नकाराची नोंद लॉगमध्ये ठेवावी आणि ती रोज कुणीतरी वाचावी. डेटाबेस सर्व्हरने मध्यरात्री अनोळखी पत्त्यावर जायचा प्रयत्न केला, तर ते पहिल्यांदा तिथेच दिसेल.