न तुटणारा धागा

मुलांनो, आपल्या भडगावात कापसाचं काय कौतुक! त्याच्या सुताचा मांजा कुठे अडकला की चटकन तुटतो. नायलॉनचा मात्र तुटता तुटत नाही. असं का बरं?

नायलॉन शेतात पिकत नाही. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. कारखान्यात धागा खेचतात, तेव्हा गुंतलेल्या साखळ्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या एका दिशेला उभ्या राहतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. मग ओढ सगळ्यांवर वाटली जाते. घरीच पाहा ना! दुधाच्या रिकाम्या पिशवीची बोटभर पट्टी कापून हळूहळू ताणा. आधी ती लांबेल, मग एकदम कडक लागेल. (पिशवी धुऊन घ्या हं!)

१९६५ साली स्टेफनी क्वोलेक या बाईंच्या शोधातून केव्हलार आलं. वजनास वजन घेतलं तर पोलादाच्या पाचपट बळकट! त्याची जाकिटं गोळी अडवतात. उन्हापुढे मात्र तेही हळूहळू कमजोर होतं.

सूत मातीत कुजतं. नायलॉन वर्षानुवर्षं तसंच. झाडावर लोंबणारा असा मांजा बगळ्याचा पंख कापतो, मोटारसायकलवाल्याचा गळा चिरतो. म्हणून २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर त्यावर बंदी घातली. तरी चोरून विकणारे विकतातच. रीळ ओळखायचं कसं? आईबाबांना धाग्याचं टोक जाळायला सांगा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो नि राख उरते. नायलॉन वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो.