तारांकित 'गोटा'

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, हे पुष्कळांनी वृत्तपत्रांत वाचले असेल. मी शेजारच्या सौंसरचा. येथे लिहायचे आहे ते मात्र 'गोटा' या शब्दाविषयी. कारण त्याच्यावरूनही गोटमार होऊ शकते.

हा शब्द आला कोठून? आपल्याकडे दोन उत्तरे तयारच असतात. एक पक्ष म्हणतो, सारे संस्कृतातून आले. दुसरा म्हणतो, मुळात सारे द्राविडी. टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात (१९६६) 'गोट्ट', म्हणजे गोल वस्तू, हे मूळ रूप तारका लावून दिले आहे. तारकेचा अर्थ असा की, हे रूप ग्रंथात सापडलेले नाही. मराठी 'गोटा', हिंदी 'गोटी', बंगालीतला 'अख्खा' या अर्थाचा 'गोटा' अशा वंशजांवरून ते अनुमानाने मांडले आहे. शिवाय फळातील बी या अर्थी तो द्राविडी भाषांतून आला, असे टर्नर म्हणतात व तमिळ 'कोट्टै', कन्नड 'गोरटे' यांकडे बोट दाखवतात. मला तर आपल्या 'गोटा खोबऱ्या'तही हा अर्थ डोकावताना दिसतो.

युरोपातही हीच रीत आहे. आयरिश 'मॅक' आणि वेल्श 'मॅब', दोन्हींचा अर्थ मुलगा. त्यांवरून आदिकेल्टिक 'मक्वॉस' हे रूप कल्पिले गेले. आयर्लंडमधील ऑगम लिपीच्या शिलालेखांत 'मक्वि', म्हणजे 'मुलाचा', असे कोरलेले आढळते. तेथे अनुमानाला दगडाने साक्ष दिली. 'गोट्ट'ला अशी साक्ष मिळेपर्यंत त्याची तारका पुसण्याचा अधिकार संस्कृताभिमान्यांना नाही आणि द्राविडाभिमान्यांनाही नाही.

आमच्या भागात मराठी, हिंदी आणि गोंडी एकमेकींच्या शेजारी नांदतात, आणि गोंडी ही कन्नडच्याच कुळातली. अशा शेजारात कोणी कोणाला काय दिले, हे सभेतल्या टाळ्यांवर कसे ठरावे? त्यासाठी लोकांच्या तोंडचे शब्द टिपावे लागतात. बोलणारी वडीलधारी माणसे गेली की साक्षीदारच गेले.

आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. माझी सूचना अशी : दोन्हीकडच्या मित्रांनी सुट्टीत आपापल्या गावचे पन्नास शब्द अर्थ व उच्चारासह उतरवून आणावेत आणि एकाच वहीत समोरासमोर मांडावेत. प्राध्यापकांनी ते तपासावेत. जेथे मूळ ठाऊक नसेल, तेथे निःसंकोच तारका द्यावी.