खोट्या काळजाची यंत्रे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्यांनी कधी एखादा ट्रान्झिस्टर विकत घेतला असेल, त्यांना आमचे म्हणणे चटकन उमगेल. दुकानदार एकाच क्रमांकाचे दोन नग पुढे ठेवतो आणि निर्विकारपणे विचारतो, ‘ओरिजिनल हवा की डुप्लिकेट?’ दोहोंवर नाव एकाच कारखान्याचे. भावात मात्र जमीनअस्मानाचे अंतर! हा दुकानदार निदान प्रामाणिक म्हणावयास हवा. ज्याला हा प्रश्न विचारण्याचीही गरज भासत नाही, त्याच्याविषयी आम्हांला आज लिहावयाचे आहे.

हा गल्लीबोळातील भुरट्या फसवणुकीचा प्रकार आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्याने सोडून द्यावी. अमेरिकन सेनेटच्या संरक्षणविषयक समितीने मे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ व २०१० या दोन वर्षांतील अशा सुमारे १,८०० संशयास्पद प्रकरणांची नोंद आहे. त्यांतील सुट्या भागांची संख्या दहा लाखांहून अधिक भरते. सी-१३०जे हे मालवाहू विमान आणि पी-८ए हे सागरी टेहळणीचे विमान यांच्या यंत्रणांतही असे भाग शिरले होते. याच वंशाची विमाने आपल्या हवाई दलाकडे व नौदलाकडे आहेत. त्यांत काही वावगे आढळले, असे आम्हांला मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु जेथे पैशाला व परीक्षेला तोटा नाही तेथे ही गत, तर तालुक्याच्या रुग्णालयातील यंत्राचे काय, हा प्रश्न उरतोच.

या मालाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. श्रीमंत देशांनी टाकून दिलेले संगणक भंगार म्हणून चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात जात. तेथे विस्तवावर पट्टे तापवून चिप उपटावयाच्या, त्या धुवावयाच्या, माथा घासून जुना क्रमांक घालवावयाचा, वर काळा लेप चढवून नवा क्रमांक छापावयाचा, की म्हातारी नवरी बोहल्यावर चढावयास सज्ज! अशी चिप मेजावरील परीक्षेत बहुधा उत्तीर्ण होते आणि भर कामात कोसळते. दुसरी तऱ्हा याहून निलाजरी. बाहेरून भरभक्कम ट्रान्झिस्टर, आत सिलिकॉनचा इवलासा तुकडा. मोठ्या कॅपॅसिटरच्या डबीत दडविलेला छोटा कॅपॅसिटर.

मग सुज्ञ कारागीर अधिकृत विक्रेत्याकडे का जात नाही? अनेकदा तो जातोच; पण यंत्र वीस वर्षे चालते आणि त्यातील चिपचे उत्पादन त्याच्या कितीतरी आधी बंद पडते. अधिकृत मार्ग संपला की दलालाचे दार उरते. २०२१ च्या टंचाईत मोटारींचे मोठमोठे कारखानेही चिपअभावी थांबले होते, तेथे दोन नगांच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो? ॲसिटोनचा बोळा माथ्यावर फिरवून पाहावा, वजन करावे, जुन्या नगाशी ताडून पाहावे, हे उपाय त्याला ठाऊक असतात. चलाख बनावटीपुढे तेही थिटे पडतात.

आणि शिक्षा होते कोणाला? यूएसबी जोडणीच्या चिप बनविणाऱ्या एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीने २०१४ मध्ये आपल्या नकलांवर असा इलाज केला, की नव्या ड्रायव्हरमुळे बनावट चिप असलेली उपकरणे संगणकाला ओळखूच येईनात. नकलाकार सुखरूप राहिला. ज्याला आपल्या उपकरणात कोणती चिप आहे याचा पत्ताही नव्हता, ते गिऱ्हाईक मेले! ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला.

अमेरिकेने डिसेंबर २०११ च्या कायद्याने लष्करी मालातील बनावट भागांची जबाबदारी कंत्राटदाराच्या गळ्यात बांधली. आपल्याकडे २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची नोंदणी सक्तीची झाली, पण ती मुख्यतः तयार वस्तूंपुरती. जुलै २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, हे उत्तमच झाले. मात्र अस्सल सुटा भाग मिळत नसेल तर तो हक्क घेऊन ग्राहकाने करावयाचे काय? उत्पादन थांबविण्यापूर्वी कंपन्यांनी पुरेशी मुदत जाहीर करावी आणि सुट्या भागांचा साठा छोट्या कारागिरालाही खुला ठेवावा, असा आग्रह सरकारने धरला पाहिजे. दरम्यान, सरकारी रुग्णालयांतील यंत्रांच्या दुरुस्तीच्या बिलावर प्रत्येक सुटा भाग कोणाकडून घेतला, याची मूळ कारखान्यापर्यंतची नोंद सक्तीची करावी. त्यासाठी विधिमंडळाची बैठक लागत नाही. आरोग्य खात्याचे एक परिपत्रक पुरेसे आहे.