तळ्यातल्या कोळंबीलाही अँटिबायोटिक?

गेल्या पावसाळ्यात एक पेशंट ताप-सर्दी घेऊन आले. दोन दिवसांचा ताप, नाक वाहतंय, घसा थोडा लाल, छाती स्वच्छ. मी सांगितलं, "व्हायरल आहे. आराम करा, तापाची गोळी घ्या, चार दिवसांत उतरेल." ते नाराज झाले.

"डॉक्टर, एक अँटिबायोटिक तरी लिहून द्या. माझ्या तळ्यात कोळंबी मरायला लागली तेव्हा मी लगेच खाद्यात औषध कालवून टाकलं होतं."

"मग वाचली का कोळंबी?"

"नाही हो. सगळी गेली."

तरीही त्यांना गोळी हवीच होती! त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. तुम्ही म्हणाल, माणसांच्या डॉक्टरला कोळंबीशी काय घेणंदेणं? घेणंदेणं आहे. तळ्यात टाकलेलं औषध आणि मी तुम्हाला लिहून देतो ते औषध, ही अनेकदा एकाच घराण्यातली असतात. तिथे ती वाया गेली की इथे माझे हात बांधले जातात.

कोळंबीची इम्युनिटी असते कशी?

आपल्याला एकदा गोवर झाला की शरीर त्याची आठवण ठेवतं आणि अँटिबॉडीज तयार करतं. लस याच आठवणीवर चालते. माशांनाही अशा अँटिबॉडीज असतात. कोळंबीला त्या नसतात. तिच्याकडे मुख्यतः या गोष्टी असतात: कडक कवच, जंतू गिळणाऱ्या रक्तपेशी, आणि घुसलेल्या जंतूभोवती काळा थर चढवून त्याला कोंडणारी एक रासायनिक यंत्रणा. म्हणून आपल्यासारखी लस देऊन कोळंबीचं काम भागत नाही.

गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीचा एक मोठा शत्रू म्हणजे 'पांढरी शेपटी' हा रोग. शेपटीकडचं मांस दुधाळ दिसू लागतं आणि काही दिवसांत लहान पिल्लं जवळपास सगळी मरतात. मोठी कोळंबी बऱ्याचदा जगते, पण रोग पुढच्या पिढीला देते. याचं कारण आहे व्हायरस. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, तुमच्या सर्दीत नाही आणि कोळंबीच्या शेपटीतही नाही. इथे उपयोगी पडते ती हॅचरीतल्या बीजाची पीसीआर तपासणी. ती तळ्यात बीज सोडण्याआधी करायची असते, मरतूक सुरू झाल्यावर नाही.

औषध जातं कुठे?

आजारी मासा किंवा कोळंबी खाणं सोडते. मग खाद्यात कालवलेलं औषध कोण खातं? जे धडधाकट आहेत ते! उरलेलं पाण्यात विरघळतं, तळाच्या गाळात बसतं. जे पोटात जातं त्यातलाही बराच भाग, विशेषतः ऑक्सिटेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा, तसाच बाहेर पडतो. गाळातले कमजोर जिवाणू मरतात, दाद न देणारे टिकतात आणि वाढतात. शिवाय जिवाणू आपली ही 'विद्या' दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. सिप्रोफ्लोक्सासिनच्या गटाला विरोध करणारं एक जनुक आज माणसांना आजारी पाडणाऱ्या जिवाणूंमध्ये सापडतं. त्याचं मूळ शेवानेला अल्गी नावाच्या, पाण्यात राहणाऱ्या जिवाणूत आहे.

माझ्याकडे लघवीच्या इन्फेक्शनचे रिपोर्ट येतात. गोळ्यांच्या नावांपुढे एकामागून एक 'रेझिस्टंट' लिहिलेलं असतं. पूर्वी तीन दिवसांच्या गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या आजींना आता इंजेक्शनसाठी ॲडमिट करावं लागतं. याला एकटी तळी जबाबदार नाहीत. आम्ही डॉक्टर, औषधाची दुकानं, कोंबडीपालन आणि हट्टाने गोळी मागणारे तुम्ही, सगळेच वाटेकरी आहोत. पण म्हणून तळ्याला सूट द्यायची का?

"शेतकऱ्याने मग करायचं काय?"

हा प्रश्न रास्त आहे. डोक्यावर कर्ज, डोळ्यांसमोर मरणारं पीक, आणि दुकानदार म्हणतो, "हे टाका, फरक पडेल." माझा राग शेतकऱ्यावर नाही. रोगाचं निदान न करता औषध विकणाऱ्यावर आणि त्याला मोकळं सोडणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

नॉर्वेचं उदाहरण बघा. १९८७ साली तिथल्या सामन माशांच्या शेतीत सुमारे ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. मग त्यांनी माशांना लस टोचायला सुरुवात केली, पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या, दोन पिकांच्या मध्ये जागा रिकामी ठेवली. आज उत्पादन तेव्हाच्या २० पटींहून जास्त आहे आणि अँटिबायोटिक वर्षाला एक टनाच्याही खाली. तेव्हा "औषधाशिवाय धंदा होत नाही" हे मला सांगू नका.

कोळंबीला लस नाही, पण तळं सुकवणं, गाळ काढणं, चुना मारणं, दाटी कमी ठेवणं, खाद्य मोजून टाकणं हे आहे. रात्री शेवाळही ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. त्या वेळी एरेटर चालू असणं कोणत्याही पुडीपेक्षा मोलाचं. 'इम्युनिटी बूस्टर'ची पोती तळ्यासाठीही विकली जातात. त्यातल्या काही पदार्थांचा प्रयोगांत थोडा फायदा दिसला आहे, पण घाण पाण्यावर तो उतारा नाही. जसं रात्री दोनपर्यंत जागून सकाळी च्यवनप्राश खाल्ल्याने काही साधत नाही, तसंच.

परदेशी ताट आणि आपलं ताट

२०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या शेतीच्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांचा अंश सापडला तर माल परत. ही औषधं आपल्याकडेही मत्स्यशेतीत बंद आहेत. पण तुमच्या मासळी बाजारातल्या टोपलीची अशी तपासणी झालेली तुम्ही कधी पाहिली आहे? क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित का होईना, रक्त तयार होणंच थांबू शकतं. शिजवल्याने जंतू मरतात, पण अशा औषधाचा अंश जाईलच याची खात्री नाही. जी काळजी परक्याच्या ताटाची, ती आपल्या पोरांच्या ताटाची का नको?

तुम्ही काय कराल?

- मासे, कोळंबी खाणं सोडू नका. उत्तम प्रोटीन आहे. नीट शिजवून खा.
- कच्ची मासळी कापलेली विळी-पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कोशिंबीर चिरू नका.
- मासळी साफ करताना काटा लागला तर जखम लगेच साबण-पाण्याने धुवा. लाली, सूज पसरली तर डॉक्टरांना दाखवा. डायबिटीस किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याच दिवशी.
- तुमचं शेततळं असेल तर मेलेली कोळंबी आधी प्रयोगशाळेत पाठवा, दुकानात नंतर जा.
- आणि सर्दीला माझ्याकडे अँटिबायोटिक मागू नका!

त्या पेशंटना मी गोळी दिली नाही. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, ताप उतरला होता. पुढचं बीज तपासूनच सोडणार, असंही म्हणाले. ते तसं करोत. पण एकेका शेतकऱ्याच्या शहाणपणावर हे सोडून चालणार नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकलं जाऊ नये, माणसासाठी नाही, कोळंबीसाठीही नाही. ही मागणी तुम्ही-आम्ही खाणाऱ्यांनीच करायला हवी.