वतनदारी गेली म्हणतात

वतन म्हणजे काय, हे आमच्या अंजूरला कोणी शिकवायला नको. गंगाजी नाईक अंजूरकरांचं हे गाव. साष्टीची मोहीम, 1739 साली चिमाजीआप्पांनी घेतलेली वसई, नाइकांचा वाडा आणि त्यातला सिद्धिविनायक, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. त्या काळी पराक्रम एकाने करायचा आणि इनाम पिढ्यांनी खायचं, अशी रीतच होती. पुढे स्वराज्य आलं. 1950 च्या कायद्याने कुळकर्णी वतनं गेली, 1962 च्या कायद्याने पाटीलकी गेली, 1971 साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. गावची म्हातारी माणसं म्हणायची, "आता राजा नाय नि वतनदार नाय, सगले सारखे."

सारखे राहिलो ते जेमतेम पाच वर्षं. 1976 साली खासदारांना पेन्शन लागू झाली. महाराष्ट्राच्या माजी आमदारांच्या पेन्शनचा कायदाही 1976 चाच. तनखे बंद करणाऱ्यांनीच नवे तनखे सुरू केले, फक्त नाव बदललं.

तेव्हा त्यात वावगं नव्हतं, हेही सांगतो. चळवळीत घरदार उधळलेली माणसं तेव्हा सभागृहात होती आणि आमदारकी गेली की चूल कशी पेटवायची, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडायचा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, तरी एसटीने फिरले. अशा माणसाच्या पेन्शनवर बोट ठेवणारा करंटाच. पण कायदा गणपतरावांचं नाव पुढे करून झाला आणि त्याचा लाभ सगळ्यांनी घेतला, दुखणं तिथं आहे.

हिशोब बघा. 2016 साली आपल्या राज्यात माजी आमदाराची पेन्शन 40 हजारांवरून 50 हजार झाली. वर पहिल्या पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार. म्हणजे वीस वर्षं आमदार राहिलेल्याला महिना 80 हजार. खासदारांना सुरुवातीला निदान पाच वर्षांची अट होती, पुढे तीही काढली. आता 'कितीही काळ' खासदार राहिलेला माणूस पात्र. आमदारकी आणि खासदारकी दोन्ही भोगून घरी बसला, तर दोन्हीकडची पेन्शन चालू. याउलट भविष्य निर्वाह निधीतल्या कामगाराने दहा वर्षं भरल्याशिवाय त्याला मासिक पेन्शन नाही, आणि मिळते तेव्हा किमान किती? 2014 पासून एक हजार रुपये.

आमच्या भिवंडीच्या लूमवाल्याच्या नशिबी बहुधा तेही नसतं. आमच्या आळीतल्या एका मावशीचा नवरा तीस वर्षं रातपाळी करून खोकत गेला. फंड नाही, कागद नाही. तिने लोकांच्या शेतात भाताची लावणी केली. मग शेतं गेली, त्यावर गोदामं उभी राहिली, आणि मुलगा त्याच गोदामात ठेकेदाराकडे हमाल झाला. पासष्टी उलटल्यावर तिला श्रावणबाळ योजनेसाठी मी एका कचेरीत घेऊन गेलो. तिथं उत्पन्नाचा दाखला मागितला. ती मला म्हणाली, "बाला, मी गरीब हाय याचा पन कागुद लागतो काय?"

लागतो, मावशी. घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. हमाली करणारा मुलगा घरात असला, की म्हातारी श्रीमंत ठरते. खरं सांगितलं तर पेन्शन बुडते, म्हणून गरिबाला खोटं बोलायला लावणारा हा नियम. आणि इतकं करून मिळतात महिना दीड हजार.

मला राग आकड्यांचा नाही, अटींचा आहे. ज्याला गरज आहे त्याने गरज सिद्ध करायची आणि ज्याला नाही त्याला कोणी विचारायचंही नाही. का? तर दोघांच्याही अटी एकच सभागृह ठरवतं. वाढणारा आपलाच असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं. इथं तर वाढणारे स्वतःच पंगतीत बसलेत.

तुम्ही म्हणाल, ही रक्कम राज्याच्या तिजोरीपुढे किती? मग 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेले कर्मचारी मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा तिजोरीची काळजी कशी आठवली? आणि हे करता येत नाही, असंही नाही. गुजरातेत माजी आमदारांना पेन्शनच नाही, तरी तिथं निवडणुकीला उमेदवार कमी पडत नाहीत. पंजाबने 2022 साली 'एक आमदार, एक पेन्शन' कायदा केला. हिमाचलच्या विधानसभेने 2024 साली पक्षांतराने अपात्र ठरलेल्यांची पेन्शन रोखणारं विधेयक मंजूर केलं. आपल्याकडे हा शेवटचा नियम आणला तर किती जणांची झोप उडेल, ते वाचकांनीच मोजावं.

सर्वोच्च न्यायालयात 2018 साली माजी खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिका फेटाळली गेली. तेव्हा हे काम कोर्टाचं नाही, मतदाराचं आहे. मागणी साधी आहे. पाच वर्षं पुरी केल्याशिवाय पेन्शन नको. माणूस एक, तर पेन्शन एक. आणि उमेदवारी अर्जाला मालमत्तेचं जे शपथपत्र जोडतात, तेच पेन्शनच्या अर्जालाही जोडावं. कागद तयारच आहे, नव्या दाखल्यासाठी रांगेतही उभं राहायला नको.

पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आला, तर पाणी द्या, बसायला खुर्ची द्या, आणि एवढंच विचारा, "तुमचा उत्पन्नाचा दाखला आणलाय का?"