उसनवारीचा भार कोणावर?

एका खात्याचा माणूस ठराविक काळापुरता दुसऱ्या खात्यास वा संस्थेस देणे, यास शासकीय परिभाषेत प्रतिनियुक्ती असे भारदस्त नाव आहे. वस्तुतः घरोघरी चालणाऱ्या उसनवारीचेच हे सरकारी रूप होय. उसनवारीचे संकेत सर्वांना ठाऊक असतात. देणाऱ्याची संमती हवी, परत करण्याची मुदत हवी आणि देणाऱ्याची जी अडचण होईल तिची भरपाई नेणाऱ्याने करावयास हवी.

शासनाच्या नियमपुस्तकांतही हे संकेत आढळतात. १९२२ साली अमलात आलेल्या मूलभूत नियमांनुसार, सरकारच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील संस्थांचा अपवाद सोडल्यास, कर्मचाऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध स्वीयेतर सेवेत धाडता येत नाही. अशा सेवेत त्याचे वेतन तर नवी संस्था देतेच, शिवाय रजा-वेतन व निवृत्तिवेतन यांपोटीचे अंशदानही सामान्यतः तिच्याकडून वसूल केले जाते. केंद्राच्या २०१७ च्या आदेशाने प्रतिनियुक्तीवरील कर्मचाऱ्यास मूळ वेतनाच्या ५ किंवा १० टक्के भत्ता, कमाल मर्यादेच्या अधीन राहून, ठरवून दिला. लष्करातून राष्ट्रीय सुरक्षा दलात जाणारा अधिकारीही ठराविक मुदतीसाठी जातो आणि मुदत संपताच आपल्या पलटणीत परततो.

सेवेच्या वरच्या पायरीवर या संकेतांबाबत कमालीची जागरूकता असते. भारतीय प्रशासन सेवेच्या १९५४ च्या संवर्ग नियमांतील सहाव्या नियमात बदल करून, राज्याची संमती नसतानाही अधिकारी केंद्राकडे घेता यावा, असा प्रस्ताव जानेवारी २०२२ मध्ये पुढे येताच पश्चिम बंगाल, केरळ, तमिळनाडू आदी राज्यांनी त्यास कडाडून विरोध केला. संघराज्याचे तत्त्वच धोक्यात आल्याचे सांगण्यात आले. तो वाद योग्यच होता. परंतु प्राथमिक शाळेतील शिक्षक किंवा पंचायत समितीतील लिपिक उचलून नेला जातो, तेव्हा कोणते तत्त्व धोक्यात येते, हे विचारणारा आवाज क्वचितच ऐकू येतो.

राज्यघटनेच्या ३२४व्या अनुच्छेदानुसार, निवडणूक आयोगाने विनंती केल्यास त्यास कर्मचारीवर्ग उपलब्ध करून देणे राष्ट्रपती व राज्यपाल यांच्यावर बंधनकारक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यांनुसार असा कर्मचारी त्या काळात आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे, असे ‘मानण्यात येते’. या मानण्याने शिस्तीचा अधिकार आयोगाकडे गेला. वेतनाचा भार मात्र मूळ संस्थेकडेच राहिला. कर्मचाऱ्यास किरकोळ मानधन मिळते, शाळेस काहीच मिळत नाही. प्रतिनियुक्तीचे नाव आले. संमती, मुदत आणि भरपाई हे तिचे तिन्ही आधार गळाले.

अर्थशास्त्रात ज्यास आपण संधित्याग खर्च म्हणतो, तो येथे मांडून पाहावा. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २०० दिवस कामाचे असतात. ४० मुलांच्या वर्गाचा शिक्षक १५ दिवस मतदारयादीच्या कामास गेला, तर विद्यार्थ्यांचे मिळून ६०० दिवस बुडाले. याच कायद्याने ६० पर्यंत पटाच्या शाळेस दोन शिक्षक ठरवून दिले आहेत; तेथून एक गेला की शाळेचे निम्मे अध्यापनबळ गेले. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो भरणाऱ्या मुलास मताधिकार नसतो. ज्या वस्तूची किंमत शून्य, तिचा वापर बेसुमार होणार, हा नियम मनुष्यबळासही लागू पडतो. मग निवडणुकीपाठोपाठ सर्वेक्षणे, पाहण्या आणि माहितीची कोष्टके येत राहतात.

यावर एक सबळ आक्षेप आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर साडेदहा लाख मतदान केंद्रे होती. एवढ्या कामासाठी कायम नोकरवर्ग ठेवणे ही शुद्ध उधळपट्टी ठरेल. शिवाय शिक्षक सुशिक्षित, गावाच्या ओळखीचा आणि विश्वासाचा. हे सारे मान्य. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमानेही निवडणूक, दशवार्षिक जनगणना व आपत्तिनिवारण ही तीन कामे अपवाद म्हणून मान्य केली आहेत. जनगणनाही आता २०२७ ची ठरली आहे. प्रश्न उसने न्यावे की नाही हा नसून, फुकट न्यावे काय, हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात शिक्षकांना अशी कामे सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, अध्यापनाच्या वेळेत सामान्यतः देऊ नयेत, असा निर्णय दिला. त्यातील ‘सामान्यतः’ या एका शब्दाच्या फटीतून किती अपवाद आत शिरतात, हे शिक्षकांस सांगावयास नको.

उपाय खर्चाचा आहे, पण अशक्य नाही. लोकसभा निवडणुकीचा खर्च केंद्र आणि विधानसभेचा राज्य सोसते. म्हणजे लेखाशीर्ष आजही उपलब्ध आहे. अध्यापनाच्या प्रत्येक दिवसाचे वेतन त्या शीर्षातून मूळ संस्थेस मिळावे आणि ती रक्कम बदली शिक्षक नेमण्यासाठीच राखून ठेवावी. अध्यापनाची पात्रता मिळवून नोकरीची वाट पाहणारे तरुण गावोगाव आहेत. प्रत्येक आदेशात परतीची तारीख छापलेली असावी आणि द्विशिक्षकी शाळेतून कामाच्या दिवशी कोणास नेऊ नये. कार्यालयातील लिपिकासही हाच न्याय लागू व्हावा, कारण त्याच्या टेबलावर अडकलेली धारिका कोणा तरी विधवेच्या निवृत्तिवेतनाची असते.

एकदा देयक हाती पडू लागले, म्हणजे कोणते काम खरोखर निकडीचे आणि कोणते केवळ सोयीचे, याचा निवाडा मागणारी खाती आपोआपच करू लागतील. लोकशाहीसाठी मतपेटीपाशी माणूस हवा, यात वाद नाही. परंतु मतपेटीपाशी उद्या येणाऱ्या नागरिकास आज अक्षरओळख करून देणारा माणूसही लोकशाहीचेच काम करीत असतो, ही गोष्ट हिशेबात धरली जावी.